'जाणे' क्रियापदाचा पाढा

आधी दोन टाळ्या. मग हात मागे, मान किंचित वर, आणि "चला, एकसुरात!" असा हुकूम. आमच्या बाई असं म्हणाल्या की समोर एकटाच माणूस असला तरी तो एकसुरात म्हणायला लागतो. मी स्वतः लागलो आहे, म्हणून सांगतो.

बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सातपूरकडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. मी खालच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत फ्रेंचची शिकवणी घेतो. दहावीला मार्क हवेत म्हणून येणारी पोरं आणि कॅनडाला जायचंय म्हणून येणारी मोठी माणसं, असे दोनच प्रकार माझ्याकडे येतात. बाई तिसरा प्रकार. एका संध्याकाळी त्या बाहेर चपला काढून आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. सकाळी जिन्यात "अरे, घंटागाडी येऊन गेली का रे?" असं विचारणाऱ्या बाई उंबऱ्याच्या आत मला "सर" म्हणू लागल्या. वर्ग सुटला की मी पुन्हा त्यांचा 'अरे' व्हायचो.

कारण सरळ होतं. बाईंचा मुलगा फ्रान्समध्ये असतो, सून तिकडचीच. सहा वर्षांच्या नातीला फक्त फ्रेंच येतं. तिला मराठी शिकवायला मुलाला वेळ झाला नाही. "शिक्षिकेचा मुलगा हो," एवढं म्हणून बाई पुढचं गिळून टाकायच्या. मागच्या खेपेला ती पोर महिनाभर इथे राहिली आणि आजीशी एक अक्षर बोलली नाही. दिवाळीत ती पुन्हा येणार होती.

"या खेपेलाही अशीच गेली, सर, तर मी तिच्यासाठी फोनमधली कुणीतरी बाई. तेवढीच."

त्यांनी अभ्यासक्रमही स्वतःच ठरवला. फ्रेंचमध्ये आता लगेच होणाऱ्या गोष्टी सांगायची एक सोपी सोय आहे. 'जाणे' या क्रियापदाचं योग्य रूप घ्यायचं आणि पुढे हवं ते क्रियापद जसंच्या तसं जोडायचं. मी खाणार, तू खाणार, आपण खाणार. बाईंना एवढंच हवं होतं. भूतकाळ मी फळ्यावर लिहायला घेतला की त्या वही मिटायच्या.

"माझा आणि तिचा भूतकाळ आहे कुठे? 'आता आपण काय करणार' एवढं बोलता आलं की झालं. लहान पोराला दुसरं काय लागतं?"

मग त्यांनी त्या क्रियापदाचा पाढा केला. बे एके बेच्या चालीत. "ज वे माँजे, त्यु वा माँजे, इल वा माँजे..." अंग डोलवत, 'आपण'शी आल्यावर आवाज चढवून, "नूझालों माँजे!" मी म्हणालो, बाई, हा पाढा नाही. त्या म्हणाल्या, पाठ होईपर्यंत सगळं पाढाच असतं. महिन्याभरात माझा सगळा वर्ग डोलू लागला. कॅनडावाल्या एका गृहस्थांनी तोंडी परीक्षेत हात मागे बांधून याच चालीत उत्तर दिलं. ते पास झाले.

एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी त्यांच्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेली, शाळेची भाषा तिला परकी. दिवाळीपर्यंत तिने तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर मांजर काढलं आणि ठासून सांगितलं, हा बैल. "अशी ताडकन उठली! 'बाई, मांजर हाय ती!' मग वर्षभर मी चुकतच राहिले." मी हसलो आणि विसरून गेलो.

दिवाळीत नात आली. मला फराळाला बोलावणं होतं. आईच्या ओढणीआड अर्धी लपलेली पोर, आणि समोर चकलीची ताटली घेतलेल्या बाई. बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या, आपण चकली खाणार. वाक्य निर्दोष होतं, उच्चारही. पोरीने पाहिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. बाई ताटलीतल्या चकल्या उगाच नीट लावत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

"चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. अगदी बरोबर होतं."

"हं," त्या म्हणाल्या. "तेच झालं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली स्कूटर पुसत होतो. वर गॅलरीत दोन टाळ्या वाजल्या आणि पाढा सुरू झाला. 'आपण'शी आल्यावर बाई खणखणीत म्हणाल्या, "नू वा माँजे!"

चुकीचं रूप ऐकलं की माझे दात आंबतात. मी खालूनच ओरडलो, "बाई, नूझालों!"

कठड्यावरून बाईंचा चेहरा डोकावला. "तू गप रे!"

आणि पुन्हा तेच चुकीचं. आणखी मोठ्याने. तिसऱ्यांदा दाराआडून एक बारीक, वैतागलेला आवाज आला, "नों! नूझालों!" बाईंनी कानावर हात ठेवला, काही कळलं नाही असा चेहरा केला आणि पुन्हा चुकल्या. पोर बाहेर आली. थोड्या वेळाने पाहिलं तर तिचे हात मागे होते, ती डोलत होती आणि बाई तिच्यामागून म्हणत होत्या. नात जाईपर्यंत बाईंना ते एक रूप काही केल्या आलं नाही.

सुट्टी संपली, मंडळी परत गेली. बाई मात्र वर्गाला आल्या नाहीत. मी विचारायला वर गेलो.

"आता नको रे. तुझ्याकडे येऊन माझं बरोबर यायला लागलं तर ती कशाला बोलेल?"

पहिला बाक तेव्हापासून रिकामा आहे. दहावीची पोरं तिथे बसत नाहीत, दप्तरं ठेवतात. रविवारी संध्याकाळी मात्र वर फोन मोठ्या आवाजावर लागतो आणि माझ्या डोक्यावर तासभर क्रियापदांची वाट लागते. मी दुरुस्त करायला जात नाही.

मागच्या रविवारी बाईंच्या तोंडून चुकून बरोबर गेलं. "नूझालों शाँते," आपण गाणार. वर एकदम शांत झालं. फोनमधूनही काही येईना. मी हातातलं पुस्तक तसंच धरून थांबलो.

मग दोन टाळ्या वाजल्या.

"नू वा शाँते!"

"नों, आजी!"