ताईचं अक्षर

अर्धांगवायूनं माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात गेला, तेव्हा तिचं नाजूक, लपेटदार अक्षरही गेलं असंच आम्ही धरून चाललो होतो. गल्लीतल्या सगळ्या लग्नपत्रिकांवर नावं तीच घालायची. काल तिच्या लेकीनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. आईच्या जुन्या लिखाणातून एकेक अक्षर उचलून तिनं फॉन्ट तयार केला होता.

"आई, दाब ना."

ताईनं डाव्या हाताच्या बोटानं 'श' दाबला. पडद्यावर तिचाच श उमटला, केसासारख्या बारीक शेपटीचा. मी थक्क होऊन बघत राहिले. हात थांबला, तरी त्याचं वळण जिवंत होतं!

ताईनं डाव्या हातानं लॅपटॉप जवळ ओढला. मग मला म्हणाली, "शेजारच्या मंदाच्या मुलीच्या पत्रिका आल्यात ना? नावं सांग."