लाल बटणावरचा हात

आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती पुरी झाली एका सरांमुळे. भिलाईच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरवर चालणारी, लोखंड कातणारी लेथ नवीनच आली होती. सर शिकवायचे हिंदीत, रागवायचे मात्र आमच्या घरच्या मराठी बोलीत. कोणाचाही पहिला प्रोग्राम सुरू झाला की त्यांचा तळवा मशीन थांबवायच्या लाल बटणावर असायचा आणि डोळे मशीनवर नाही, पोराच्या तोंडावर.

मी टूलचं माप भरायला विसरलो. टूल सरळ लोखंड पकडून फिरणाऱ्या चकवर निघालं. माझं तोंड पाहूनच सरांनी बटण दाबलं. बोटभर अंतर उरलं होतं. आता आपलं नाव कटणार, हे मी धरूनच चाललो.

"सर, मले काढून टाकाल?"

"कावून काढीन? मशीन ठोकायले शिकला, आता चालवायले शीक. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी माप तीनदा तपासून मी हिरवं बटण दाबलं आणि भीतीनं सरांकडे वळलो. दोन्ही हात पाठीशी बांधून ते खिडकीबाहेर बघत होते.

"माह्याकडे काय पाहून राहिला, बाबू? मशीन तुही हाये."