जिन्याखालच्या कुंड्या

बाबांना लकव्याचा झटका आला, त्यातून ते वाचले, पण डावा पाय रुसला. डॉक्टर म्हणाले, "चालतील, पण रोज उठून चालायला हवं. पडून राहिले तर पाय गेलाच समजा." हे बाबांना कोण सांगणार? मी हात धरला की म्हणायचे, "खय जावचा आसा माका?" आणि पडून राहायचे. आयुष्यभर मिलमध्ये उभ्याने काम केलेला माणूस! माझा नुसता संताप व्हायचा.

लालबागच्या चाळीत आमची खोली तळमजल्यावर, अगदी जिन्यासमोर. खाटेवरून बाबांना दिसायचा तो जिन्याखालचा कोपरा. तिथे फुटकी बादली, कुणाचा तरी गंजलेला पंखा आणि भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. दिवसभर हेच बघत पडलं तर धडधाकट माणसालाही उठावंसं वाटणार नाही. मी ठरवलं, इथे हिरवंगार काहीतरी वाढवायचंच. शेजारच्या काकी म्हणाल्या, "देवाच्या टाइल्स लाव, कुणी थुंकणार नाही." म्हटलं, देवाने काय पाप केलंय म्हणून त्याला इथे बसवू?

पण तिथे उन्हाची तिरीप नाही की पावसाचा थेंब नाही. जास्वंद आणली, तिची काडी झाली. तुळस आणली, तीही गेली. चाळीतले लोक म्हणाले, सोड गं नाद. माझ्यासमोर असं बोलायचं नाही! तडक नर्सरीत गेले. म्हटलं, अंधारात जगेल असं द्या, फुलं नकोत मला. स्नेक प्लांट आणि मनीप्लांट घेऊन आले. मातीत विटांचा चुरा मिसळून ती भुसभुशीत केली. बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची, आत कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. सावलीत माती लवकर सुकत नाही, जास्त लाड केले की मुळं कुजतात.

झाडं रुजली, थुंकणं थांबलं. आणि मग पानं बुडातून पिवळी पडू लागली. माती सदान्‌कदा ओलीगच्च. सकाळी पाळत ठेवली तेव्हा कळलं. पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नसतं, झाडाला घालायचं असतं. त्यामुळे वरच्या मजल्यांवरचे सगळे तांबे माझ्याच कुंड्यांत रिकामे होत होते!

"काकी, जीव घेताय माझ्या झाडांचा!"

"अगं, देवाचं पाणी ते. त्याने कधी झाड मरतं होय?"

"मरतं! बघा, मेलंय!"

मी जिन्याशी एक बादली ठेवली. पूजेचं पाणी हिच्यात ओता, मी रोज गेटजवळच्या पिंपळाला नेऊन घालते, असं दारोदार जाऊन सांगितलं. कुरकुर झाली, पण ऐकलं सगळ्यांनी. सगळ्या कुंड्यांतली माती सुकली, आमच्या दाराजवळची एक कुंडी सोडून. ती रोज संध्याकाळी चिंब. काकी देवाशपथ नाही म्हणाल्या. मग मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि भर दुपारी, चाळ झोपलेली असताना, गुपचूप घरी आले.

दारातून बाबा बाहेर येत होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. डावा पाय फरफटत, अर्धं पाणी लेंग्यावर सांडत, धापा टाकत ते कुंडीपर्यंत पोचले. "पी रे, पी," बाबा झाडाला म्हणाले, "ती तुका पाणीच देणा नाय."

हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. तशीच मागच्या पावली परत फिरले आणि नाक्यावर जाऊन चहा घेत बसले. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

ते झाड अर्थातच कुजलं. कुजू दे. मी तसलंच दुसरं आणलं आणि कुंडी या खेपेला जरा लांब ठेवली, जिन्याच्या पलीकडे, जिथवर भिंत धरून जाता येतं तिथे. मग आमच्या दारात उभी राहून काकींना ठणकावून सांगितलं, "या नव्या झाडाला कुणीही पाणी घालायचं नाही हं! मीसुद्धा घालणार नाहीये."