आईच्या पायांचं शूटिंग

स्टुलावर आधी वर्तमानपत्र अंथरलं. मग डॉक्टर म्हणाले, "हं, आता ठेवा पाय."

आईनं उजवा पाय ठेवला. आरोग्य शिबिराचा इंदापुरातला तो हॉल गच्च भरलेला. पुढं खुर्च्यांवर तालुक्यातली मोठी माणसं आणि त्यांच्या बायका. मागं सतरंजीवर ट्रॉलीतून आणलेल्या आमच्या वस्तीतल्या बाया. मीही तिथंच बसले होते. डॉक्टरांनी बोटानं खुणावून मला स्टेजवर बोलावलं.

"तू मुलगी का यांची? जरा साडी वर धर. घोट्याच्या वर. अजून. हां, बस."

मी माझ्या आईची साडी वर धरली. एवढ्या लोकांसमोर. पांढरी साडी होती ती. विहारात जाताना नेसायची. डॉक्टरकडं जायचं म्हणून आईनं मुद्दाम पेटीतून काढलेली.

व्हिडिओ शूटिंगवाल्यानं दिव्याचा झोत तिच्या पायावर मारला. डॉक्टरांच्या हातात लाकडी पट्टी होती. पट्टीच्या टोकानं ते एकेक दाखवायला लागले.

"या चिखल्या. ओल्यात राहून बोटांच्या बेचक्या अशा कुजतात. या टाचेच्या भेगा, बघा किती खोल. आणि हे तळव्याला, अंगठ्याखाली, कुरूप. का होतं हे? स्वच्छता नाही. हयगय." मग आईला, "पाय धुता का हो रोज?"

हॉल हसला.

आई म्हणाली, "दिसभर पान्यातच असत्यात की जी." माईक तिच्यापुढं नव्हता. ते फक्त मला ऐकू आलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "डॉक्टर, हे पसरतं का हो? म्हणजे यांच्यातल्या बायका आमच्या घरी फरशी पुसायला येतात."

डॉक्टर म्हणाले, "चांगला प्रश्न."

मी साडी धरून उभी. हात भरून आले होते. पण सोडता येत नव्हती. सोडली असती तर पुन्हा धरायला सांगितलं असतं.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा बारामतीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज नसेल त्या दिवशी आईबरोबर कामाला जायचे. बारामती-इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. कॅनॉलचं पाणी, जिकडं तिकडं ऊस. सगळ्यात जास्त ऊस तात्यांचा. आम्ही त्यांच्या रानात. शिबिर तात्यांचंच, आणि स्टेजवरचे ते पुण्याचे डॉक्टर म्हणजे त्यांचे जावई.

उसाची लागण करायची म्हणजे ओल्या सरीत उतरायचं. बेणं, म्हणजे उसाच्या कांड्या, टाकायचं आणि पायानं दाबायचं. एक कांडी, एक पाय. सकाळी उतरलं की दुपारच्या भाकरीलाच बाहेर. चिखलात चप्पल टिकत नाही, आणि बंगल्यावर चालत नाही. तात्यांच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, त्याच्या अलीकडंच चपला काढायच्या. आमच्यातल्यांनी. बाकीच्यांनी काढल्या नाहीत तरी कुणी काही म्हणायचं नाही. तसा नियम कुणी सांगितला नव्हता. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला. त्या झाडाला अजून ते कळलं नव्हतं.

आमच्या पायांची काळजी कुणाला एकदम कशी लागली? माझ्या डोक्यात आधीपासून हेच. मुकादम एरवी आईला "ए" म्हणायचा. त्या दिवशी ट्रॉली घेऊन आला आणि म्हणाला, "चला मावशी, तुमच्यासाठीच डॉक्टर आणल्यात पुन्यावनं." मावशी! कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. मी आईला म्हटलं, "आये, ह्यात कायतरी हाय."

"तुला सगळ्यातच कायतरी दिसतं," आई म्हणाली. "तपासतील, औषध देतील. गेलं तर काय बिघडलं?" आणि तिनं पेटी उघडली.

निघताना प्रत्येकीला मलमाची ट्यूब मिळाली. ट्यूब देतानाही शूटिंग. आमच्या हातात ट्यूब, तात्यांचा हात आमच्या हातावर. घरी येऊन मी ती ट्यूब उलटीपालटी करून बघितली. मुदत संपलेली असणार, अशी मला खात्रीच. नव्हती. मलम खरं होतं. सांगितल्याप्रमाणं आईनं बोटांच्या बेचक्या कोरड्या करून लावलं आणि चिखल्या बऱ्याही झाल्या. हे मी लपवत नाही. चांगल्या मलमामुळं माझा संशय मात्र कमी झाला नाही. उलट वाढला.

थोड्याच दिवसांत आम्ही कामाचं विचारायला बंगल्यावर गेलो. ओसरीला टीव्ही लावलेला. घरातल्या बाया, पोरं, शेजारचे दोघं-तिघं जमलेले. शिबिराची कॅसेट आली होती. आम्ही पायरीखाली थांबलो. पडद्यावर तात्यांचं भाषण झालं. हारतुरे झाले. आणि मग पाय. टीव्हीभर पाय. भेगा एवढ्या मोठ्या दिसत होत्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातल्यासारख्या. पोरं ओरडली, "ईऽऽऽ!" एकानं उशीत तोंड खुपसलं.

आई मान उंच करून बघत होती. तिला वाटत होतं, आता आपण दिसू. पांढऱ्या साडीत. कॅमेरा पायावरून वर सरकलाच नाही. पाय संपले आणि डॉक्टर आले.

"माझं तोंड कुठंय गं?" तिनं मला हळूच विचारलं.

तात्यांच्या सूनबाई आमच्याकडं बघून म्हणाल्या, "बघितलंस का गं, टीव्हीवर आलीस!" त्यांना वाटलं, आम्हाला आनंद झाला असेल. खरंच तसं वाटलं असेल का? का त्याही हसतच होत्या? मी आजही ठरवू शकत नाही.

चिखल्या गेल्या तरी कुरूप राहिलं. ते दर महिन्याला घट्ट व्हायचं. आई ब्लेडनं तासायची. वर बिब्बा गरम करून चटका द्यायची. बिब्ब्याचा चटका म्हणजे माणूस किंचाळतो. आई गप्प. वस्तीतल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "बया, किती सोसनारी हाय ही!" आई हसायची. "पाय मेलाय माझा. काय कळतच न्हाय त्याला."

ती हे गमतीनं म्हणायची. तो खरंच मेला होता.

पावसाळ्यानंतर तिच्या पायाला घाण वास यायला लागला. अंगठा सुजला, मग निळा पडला, मग काळा. तिला दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून ती कामाला जात होती. शेवटी ताप भरला तेव्हा मी तिला एसटीत घातलं आणि बारामतीला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, खाली वाकल्या आणि आईचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मला भीतीच वाटली. ही बाई असं का करतेय? आता कुणाला बोलावणार? कॅमेरा कुठंय? मी दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"मावशी, डोळे मिटा. मी टोचतेय, कुठं ते सांगा."

त्यांनी टाचेला टोचलं. आई गप्प. तळव्याला टोचलं. आई गप्प. मग म्हणाली, "टोचा की बाई, मी मिटल्यात डोळं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला समजलं.

रक्त तपासलं. साखर भयंकर वाढलेली. आईला साखरेचा आजार होता आणि तो किती वर्षांचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं पायाच्या नसा मारल्या होत्या. वरून कुरूप, खाली जखम, त्यात ब्लेड, त्यात बिब्बा, त्यात सरीतला चिखल. कुरूप आतून सडत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"एवढं होईपर्यंत कुणाला दाखवलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं. रागानं नाही, पण विचारलं.

"दाखवलं हुतं," मी म्हटलं. "स्टेजवर."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. पट्टीचंही सांगितलं. त्यांनी आईच्या तळव्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नुसतं बोट लावलं असतं ना, तरी कळलं असतं."

हे वाक्य माझ्या अंगात कायमचं रुतलं. पुण्याहून आलेला शिकलेला माणूस. दिवा होता, माईक होता, पाय समोर होता. बोट लावलं नाही. का लावलं नाही, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर आईनं पहिलं विचारलं, "कुठं टाकला गं त्यो?"

त्यानंतर घरात नवे नियम आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, मी पाळायला लावले. रोज सकाळी आईच्या तळव्याखाली आरशाचा तुकडा धरून बघायचं. पाणी किती गरम आहे ते तिनं पायानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं. धुतल्यावर बेचक्या फडक्यानं टिपायच्या. टाचांना खोबरेल, पण बोटांच्या मध्ये नाही. ब्लेड बंद, बिब्बा बंद, सरीतला चिखल बंद; रानात कोरडं काम तेवढंच. घरातसुद्धा अनवाणी नाही. चप्पल घालण्याआधी उपडी करून झाडायची, खडा असला तर तिला कळणारच नाही. आई कुरकुरायची. "पायाचं एवढं लाड कुणी केल्यात का?"

"म्हणून तर ही पाळी आली," मी म्हणायचे.

वर्ष होत आलं आणि आमच्या दारात जीप थांबली. मुकादम उतरला. मागं तात्या बसलेले, उतरले नाहीत. मुकादमाच्या हातात नव्या चपलांचा खोका.

"यंदा बी शिबिर हाय. जावईबापूंनी खास सांगितलंय, मावशीला आना म्हनून. पाय दाखवायचा. हयगय केली की काय हुतं, लोकास्नी कळंल. आन ह्या चपला, तात्यांकडून."

आई उंबऱ्यात बसली होती. तिनं आधी चपलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळू आवाजात म्हणाली, "जाऊ या का? न्हायतर काम बंद करत्याल."

ती खरंच घाबरली होती. तिला दोष देत नाही. पण माझ्या कानात एकच शब्द वाजत होता. हयगय.

मी मुकादमाला ओलांडून जीपपाशी गेले. पहिल्यांदाच तात्यांच्या डोळ्यात बघून बोलले.

"तात्या, आय येनार न्हाय."

"तिचं तिला बोलू दे. तू कोन मधी?"

"मी तिची लेक. हयगय माझ्या आयनं केली न्हाय. तुमच्या जावयानं केली. पाय समोर असून हात लावला न्हाय त्यांनी. तेवढं त्यांनी माईकवर बोलावं. बोलनार असतील तर आमी दोघी येतो. आत्ता, ह्याच जीपमधी."

वस्तीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या. तात्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते हसले. ते हसणं मला रागापेक्षा वाईट वाटलं.

"कालेजात घातल्याचा परिणाम," ते मुकादमाला म्हणाले. "उद्यापासून ह्यांना रानात घिऊ नगंस."

मुकादमानं खोका उंबऱ्यावर ठेवला होता. आईनं तो उचलला. मला वाटलं, घरात नेणार. तिनं तो दोन्ही हातांनी मुकादमाकडं पुढं केला आणि म्हणाली, "घिऊन जा. माझ्या मापाच्या न्हाईत."

तिनं घालून बघितल्या नव्हत्या.

काम गेलं. नुसतं तात्यांचं नाही, आसपासच्या बागायतदारांनीही घेतलं नाही. सांगून ठेवलं असणार. शिबिराची ट्रॉली भरली. आमच्याच वस्तीतल्या बाया चढल्या. एक चुलती तर मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिच्या तोंडापायी आमचंबी काम जायाचं." मी तिच्याशी भांडले नाही. ट्रॉली परत आल्यावर मी तिच्या घरी गेले. "काकू, पाय दाव." ती म्हणाली, "आत्ताच तर दावून आले." मी म्हटलं, "हात लावला का कुणी?" तिनं पाय पुढं केला.

आम्ही इंदापूरला राहायला गेलो. आई बसून करता येईल ते काम करायला लागली, शेवया, पापड. मी एका कापड दुकानात उभी राहिले आणि बाहेरून परीक्षा दिल्या. सोपं नव्हतं. कुणी मदतीला धावून आलं नाही. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, त्यांच्या जागी आलेल्यानं आईचा पाय दुरूनच बघितला. मी त्याला म्हटलं, "साहेब, वाकावं लागंल." तो चिडला. पण वाकला.

लोक म्हणतात, तू फार संशयी आहेस. आहे. गोड बोलणाऱ्याचा जास्त संशय घेते. कुणी काही फुकट वाटायला लागलं की मी आधी बघते, कॅमेरा कुठं लावलाय. कुणी आमच्या अंगणात सेवा करायला उतरलं की विचारते, कुणाच्या सांगण्यावरून आलात, जाताना काय घेऊन जाणार. लोकांना हे उद्धट वाटतं. वाटू दे. विश्वास ठेवायची किंमत आमच्या घरानं मोजलेली आहे, आता समोरच्यानं आधी विश्वास मिळवावा.

आणि शिबिराला मी जाते. मुद्दाम जाते. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसते. ही खुर्ची पाहुण्यांची आहे, उठा, असं कुणी म्हटलं तर उठत नाही. माझ्यादेखत कुठल्याही गरीब बाईला तमाशासाठी स्टेजवर चढवलं, तर मी तिथंच उभी राहून कार्यक्रम बंद पाडीन. एकटी असले तरी पाडीन.