पत्र्याचं बदक

नसरापूरच्या आठवडे बाजारात एक आजोबा पोत्यावर पत्र्याची जुनी खेळणी मांडून बसत. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी प्रत्येक खेळणं धोतराच्या सोग्यानं पुसत, चावी देत आणि ते चालेपर्यंत श्वास रोखून बघत.

एकदा राजगड उतरून आलेल्या एका पन्नाशीच्या बाईंनी त्यातलं बदक उचललं. “माझ्या वडिलांकडे अगदी असंच होतं!”

आता बदक खपणार, हे शेजारी उभ्या असलेल्या मलाही कळलं. आजोबा मात्र म्हणाले, “ताई, मला त्ये जुनं म्हनून मिळालंय. पर गंज बघा, समदीकडं एकसारका. कुनी मुद्दाम चढवल्यावानी.”

मला त्यांचा रागच आला. कशाला बोलायचं?

त्यांनी चावी दिली. बदक सरळ चालत गेलं. बाई हिरमुसल्या. “आमचं तिरकं चालायचं.”

“मंग ह्ये त्येंचं न्हवं,” आजोबा हळूच म्हणाले. “त्येंचं कसं चालायचं, दावा की.”

बाईंनी पाठीवरची सॅक उतरवली आणि भर बाजारात, हसत, डोळे पुसत, तिरकं डुलत चालून दाखवलं. आजोबा श्वास रोखून बघत होते.

पत्र्याचं बदक पोत्यावरच राहिलं. अस्सल जुनं जे होतं, ते आम्ही बाईंच्या चालीत बघितलं.