पाच ओळींना बक्षीस

गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवणारे भाऊ हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करतात. त्यामुळे कॉम्प्युटरचा प्रोग्रामसुद्धा ते उभं राहून, हातवारे करत, खड्या आवाजात वाचतात. स्वल्पविराम आला की श्वास घेतात. मी गालातल्या गालात हसते.

मागच्या पावसाळ्यात मात्र मी रडकुंडीला आले होते. नदीच्या पुराचा अंदाज बांधणारा माझा फोर्ट्रान भाषेतला प्रोग्राम कंपायलरला, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला, की तो कंपायलरच कोसळायचा. आठवडाभर मी माझी चूक शोधत बसले.

भाऊंनी प्रोग्राम मोठ्यानं वाचला, मग एकेक ओळ गाळत पुन्हा पुन्हा कंपायलरला दिला. शेवटी पाचच ओळी उरल्या. नियमानं अगदी बिनचूक, तरी कंपायलर आडवा!

“मॅडम, तुमचं काई चुकलं नाई. यालेच झेपून नाई राह्यलं!”

आमच्याकडे नाटकात काम आवडलं की प्रेक्षक बक्षीस देतात आणि माइकवर त्याचा पुकारा होतो. भाऊंनी दहाची नोट मॉनिटरला चिकटवली आणि अख्खी लॅब दणाणून सोडली, “या पाच ओळींले आपल्याकडून बक्षीस!”

त्या ओळी आम्ही कंपायलर बनवणाऱ्यांना पाठवल्या. त्यांनी चूक कबूल केली, दुरुस्तीही धाडली. प्रोग्राम चालला, पुराची रेघ पडद्यावर सरसर चढली. मी टाळ्या वाजवल्या.

भाऊंनी खिशातून दुसरी नोट काढली.

“आता कोणाले, भाऊ?” मी विचारलं.

“कंपायलरले. बिचारा स्टेजवर पडला, पण उठून डायलॉग पुरा केला ना त्यानं!”