परक्याच्या पाळण्याचे पेढे

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. धारवाडात सुभाष रोडवर आमचं लहान बाळांच्या कपड्यांचं दुकान. कुंच्या, झबली, दुपटी. मुलगा मालासाठी फिरतीवर असायचा, घरात सून आणि मी. तिची आधीची दोन पोटातच गेलेली. त्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले आणि तिनं माझ्याकडं एकच मागितलं. “मामंजी, पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगू नका.” मी मान हलवली. आमच्यात तशीच रीत आहे.

त्या दुपारी ऊन असं पिवळं पसरलेलं की रस्ता पाण्याखाली बुडाल्यागत दिसत होता. माणसं हळूहळू तरंगत चालली होती. गादीवर माझा डोळा लागला. फटाक्यांनी जागा झालो तेव्हा खाली रस्त्यात पोरांचा घोळका हलगीवर नाचत होता आणि धुरातून एक रिक्षावाला पेढ्यांचा डबा घेऊन पायरी चढत होता.

“सिहि सुद्दी, अज्जा, गोड बातमी! तोंड गोड करा.”

“कुणाला काय झालं?”

“अजून व्हायचंय! आमच्या सिनेमातल्या हिरोच्या घरी पाळणा हलणार. सकाळीच फोटो टाकलाय.”

त्यानं फोन पुढं केला. समुद्राकाठी हिरो आणि त्याची बायको पाठमोरी, मधे वाळूत एवढुसे बूट. खाली लोकांनी लिहिलेलं तो वाचून दाखवू लागला. कुणी नवस बोललं होतं, कुणी नावं सुचवली होती. गदगच्या एका बाईनं लिहिलेलं, दृष्ट लागू नये म्हणून मी इथूनच मीठ-मिरच्या ओवाळल्या. ती बाई माझ्या डोळ्यांपुढं आली. कधी न बघितलेल्या बाळासाठी चुलीपाशी मूठ फिरवत उभी असलेली.

“कितवा महिना?” मी विचारलं.

“तिसरा संपलाय म्हणतात.”

“मग बिनडोक आहे तुझा हिरो. एवढ्यात सांगतात होय?”

तो हसला. “अज्जा, तुमचं पोट दुखतंय. गावाच्या लेकरांना कुंच्या घालता आणि घरचा पाळणा माळ्यावर!”

“माझ्या घरचं तुला काय ठाऊक रे? माझ्या सुनेचाही तिसरा संपलाय!”

शब्द गेला. रिक्षावाल्यानं ही बातमी पायरीवरूनच खाली ओरडून सांगितली. मग खाली एकच ओरडा झाला, हलगी माझ्या दारात आली, हिरोच्या फलकासाठी आणलेला हार माझ्या गळ्यात पडला. शेजारचा भांडीवाला येऊन गळ्याला मिठी मारून गेला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तासभर माझे पाय जमिनीला नव्हते. त्या फोटोतली वाळू आमच्याच दुकानात आल्यागत वाटत होतं.

संध्याकाळी डबा घेऊन घरी गेलो. सून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“जिन्यात तिघी भेटल्या,” ती म्हणाली. “अभिनंदन म्हणाल्या.”

“काही होत नाही गं.”

“मागं दोन्ही वेळा असंच म्हणालात. नंतर महिनाभर बायका वाटेत अडवून विचारायच्या, अक्का, काय झालं, कसं झालं? उद्या काही झालं तर त्या नटाची बायको दार लावून घेईल, मामंजी. मला रोज ह्याच रस्त्यानं भाजीला जायचंय. मला पुन्हा नाही सांगता येणार.”

डबा मी तिच्यापुढं ठेवला होता. तिनं त्याला हात लावला नाही. मेथीच्या काड्यांचा ढीग मात्र वाढत राहिला.

“तुला कुणी विचारणार नाही,” मी म्हणालो.

“कोण अडवणार त्यांना?”

चूक झाली, एवढं म्हणायलाही जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. चाळीस वर्षांत मी कधी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. काम असेल तो आमच्याकडं येईल, हा माझा ताठा. त्या सकाळी टोपी घातली, भांडीवाल्याची पायरी चढलो आणि हात जोडले. “काल बोललो ती माझी चूक. सुनेला काही विचारू नका. चांगलं नको, वाईट नको. काय विचारायचं ते मला विचारा.” त्यानं बसायला पाट दिला. मी बसलो नाही. पलीकडच्या दुकानाचं दार नुकतंच उघडत होतं, तिकडं गेलो.